घासलेले दाते

मी मूळचा तापट. माझ्या डोक्यानं बरीच नासाडी केली, पण त्या सायकलच्या चेनएवढी दुसरी कशाचीच नाही.

वडील नागपुरात गिरणीत फिटर होते. धाकटा भाऊ सायकलच्या शर्यतीत पळायचा, तेही घरच्याच काळ्या सायकलवर, मडगार्ड काढून. त्या हिवाळ्यात नागपूरहून रामटेकला जाऊन परत यायची शर्यत होती, आणि पहिल्या तिघांना एक सरकारी खातं खेळाडूंच्या जागेवर नोकरी देणार होतं. भाऊ मॅट्रिकला दोनदा आपटला होता. त्याला दुसरी नोकरी कोण देणार होतं, डोंबल?

मी मोठा, कमावता. त्याला शर्यतवाल्यांची हलकी, बारीक चेन आणून द्यायचीच, असं मी ठरवलं. त्यानं मागितली नव्हती. दुकानदारानं बारीक चेन दिली, मागचं छोटं चाकही तसंच बारीक दात्यांचं दिलं. पायडलजवळचं मोठं दात्यांचं चाक मात्र सोमवारी येईल म्हणाला, आणि शर्यत रविवारी. तोवर जुनी जाड चेनच राहू द्या, त्यानं बजावलं. बारीक दात्यांवर जाड चेन चालते, पण जाड दात्यांवर बारीक चेन बसत नाही. मला वाटलं, हा मलाच शिकवतो. मी त्याच्याशी तणतणलो आणि चेन घेऊन घरी आलो.

घरी चेन चढवली तर ती मोठ्या चाकाच्या जाड दात्यांवर बसेचना, नुसती वर टेकून राहिली. वडिलांनी विचारलं, दुकानदार काय म्हणाला? मोठ्या चाकाचं आणि सोमवारचं मी गिळून टाकलं. म्हटलं, दाते थोडे घासले की बसते म्हणाला.

झालं. गिरणीत न बसणारी वस्तू कानशीनं बसवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. अठ्ठेचाळीस दाते, प्रत्येकाच्या दोन बाजू. दोन संध्याकाळी ते अंगणात चाक पायांत धरून बसले. प्रत्येक दाता घासून झाला की चेनचा एक दुवा त्यावर घालून बघायचे, मग पुढचा. जुनी चेन समोरच खिळ्याला टांगलेली होती, धडधाकट. दोनदा माझ्या तोंडाशी आलं, की राहू द्या, तीच चढवू. पण मग दुकानातलं सगळं सांगावं लागलं असतं. लाज वाटते आता.

रविवारी भाऊ दुपारी टेम्पोतून परतला, सायकल आडवी टाकून. जेवताना त्यानं एकदाच सगळं सांगितलं. रामटेकहून वळताना तो दुसरा होता. रस्त्यावर नवं डांबर पडलेलं, रस्ता आरशासारखा गुळगुळीत. पुढच्याला गाठायला तो पायडलवर उभा राहिला आणि चेन उतरली. चढवली, पुन्हा उतरली. सहाव्यांदा अडकून तुटली. वडिलांचा घास ताटातच राहिला.

भाऊ नंतर कुही गावाकडे एका धानाच्या गिरणीत लागला. तो मला कधी काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. वडिलांनी मात्र घरी पुन्हा कानस धरली नाही. शेजारचे विळा घेऊन यायचे, कडी-कोयंडा घेऊन यायचे, तर ते म्हणायचे, माहा हात आता बरोबर नाही, दुसऱ्याकडे न्या. गिरणीत जायचे तेवढंच.

बऱ्याच वर्षांनी, ते अंथरुणाला खिळले तेव्हा, मी पायाशी बसलो होतो. त्यांनी अचानक विचारलं, "दाते माह्याच हातानं बिघडले काय गा? खरं सांग मले."

हीच वेळ होती. दुकानदार काय म्हणाला होता, एवढं एक वाक्य बोलायचं होतं.

"नाही बाबा," मी म्हणालो, "रस्ताच खराब होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "नवं डांबर होतं गा," ते म्हणाले, आणि उजवा हात पांघरुणात घेतला. आपला हात चुकला आणि पोरगा ते झाकून राहिला, हेच त्यांनी धरलं. आठ दिवसांनी ते गेले.