कुलपातली फळं

जाफराबाद तालुक्यातल्या समस्त जनतेस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, साऱ्या जिल्ह्यातलं सगळ्यात देखणं शैक्षणिक साहित्य आमच्या शाळेत होतं आणि ते कायम कुलपात होतं.

मी तिथंच मास्तर, आणि ते बनवणारे गुरुजी माझ्या शेजारच्या वर्गावर. कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांच्या जुड्या, चिंचोक्यांच्या माळा, कागदाच्या लगद्याची रंगवलेली फळं. बोटांत जादूच होती माणसाच्या. खोक्याखोक्यावर सुबक चिठ्ठी आणि किल्ली थेट करदोड्याला. तपासणीला साहेब आले की कपाट उघडायचं, साहेब 'वा' म्हणाले की बंद. पहिलीची पोरं मात्र स्वतःची बोटं मोजून बेरीज शिकायची.

"गुरुजी, एखाद्या दिवशी द्या की पोरायला," मी म्हणायचो.

"मोडून ठेवतील. मंग प्रदर्शनात काय तुमचं तोंड मांडू?"

एका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्यांनी कपाट उघडलं, तर आत वाळवीचं राज्य. लगद्याच्या आंब्याला त्यांनी नुसतं बोट लावलं आणि त्याचा भुगा झाला. गुरुजी बोटावरचा भुगा झटकत एकदम बोलून गेले, "जाऊ द्या. पोरायच्या हाती तर न्हाई लागलं."