वहिनी आणि ओरडणारी आग

वरवट बकालच्या आमच्या घरात विमानाचा विषय निघायचं काही कारण नव्हतं. आम्ही वांगी, कांदे, टमाटे पिकवणारी माणसं. वडिलांमागे मळा मी पाहत होतो. थोरला भाऊ शिकून बंगळूरला नोकरीला लागला आणि लग्नही त्यानं तिकडेच जमवलं. वहिनी मूळच्या पुण्याच्या, रसायनशास्त्र शिकलेल्या. बंगळूरच्याच एका प्रयोगशाळेत त्या विमानाच्या इंजिनातल्या आगीवर संशोधन करायच्या. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. आमच्याकडे एखादी बाई शाळेत शिकवायला लागली तरी गावात चर्चा व्हायची.

पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना आमची बोली अर्धीच समजायची. आई काही बोलली की त्या माझ्याकडे बघायच्या, मी सांगायचो. पण पुण्याची म्हणून त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. काय काम करता असं आईनं विचारलं, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं होतं, की इंजिनात वादळापेक्षा जोराचा वारा घुसतो आणि त्या वाऱ्यात एक ज्योत तेवत ठेवायची असते. ती विझता कामा नये, तिनं धूर करता कामा नये, आणि ज्या भांड्यात ती जळते ते भांडंही जाळता कामा नये. आई ऐकून घेऊन भाकरी थापायला बसली. चुलीपाशी जन्म गेलेल्या बाईला हे काम म्हणावं असं काही वाटलं नसावं.

एका उन्हाळ्यात मात्र वहिनी आल्या त्या उजव्या हाताला पट्टी बांधून. मी खामगावच्या बाजारात वांगी उतरवून त्या दोघांना घ्यायला स्टेशनवर गेलो होतो. यष्टीत भावानं मला हळूच सांगितलं, की चाचणी चालू असताना आग जळायचं भांडं फाटलं. त्याचा गरम पत्रा उडून बाजूला उभ्या असलेल्या वहिनींच्या हाताला लागला. ते काम आता चालू ठेवायचं की बंद करायचं, याचा वरचे लोक विचार करत होते. वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. सगळं ऐकत होत्या.

आईनं पट्टी पाहिली आणि दोन दिवस त्यांना कामाला हात लावू दिला नाही. डोक्याला तेल लावून दिलं, वेणी घालून दिली. तिसऱ्या दिवशी ओट्यावर वांगी निवडता निवडता म्हणाली, "बाई, तू कायले जाळात हात घालून राह्यली? सोडून दे हे काम."

वहिनींनी माझ्याकडे वळून विचारलं, "भाऊजी, विहिरीच्या इंजिनाचा एखादा जुना पाइप आहे का? आणि चाळणीची तारेची जाळी?"

दोन्ही होतं. पाइप माझ्या कमरेएवढा लांब होता. त्यांनी जाळीचा तुकडा गोल कापायला लावला आणि पाइपाच्या आत, खालच्या तोंडापासून वीतभर वर, दाबून बसवायला लावला. मी वरचं टोक ओल्या गोणपाटात धरून पाइप उभा पकडला. भावानं पंपाचा स्टोव्ह पेटवून खाली धरला. जाळी लाल झाली तशी वहिनींनी स्टोव्ह काढायला सांगितलं.

आग बाजूला गेली आणि पाइप ओरडायला लागला. लांबच्या गाडीची शिट्टी असावी असा आवाज, पण माझ्या हातातून निघालेला. दंडापर्यंत थरथर जाणवली. गोठ्यातला बैल दावं तोडून उभा राहिला, शेजारच्या दोन बाया कुंपणापाशी आल्या. मी घाबरून पाइप टाकणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "आडवा करा." आडवा केला तर गप्प. पुन्हा उभा केला तर पुन्हा तोच सूर, जाळी निवेपर्यंत.

आई उठून जवळ आली. "एवढ्याशा जाळीची एवढी बोंब?"

वहिनींनी तिला समजावून सांगितलं. उष्णतेनं आतली हवा हलते, हलणारी हवा नेमक्या वेळी पुन्हा उष्णता घेते, आणि झोक्याला मागून हात देत जावा तसं हलणं वाढत जातं. इंजिनातली आग तर केवढी मोठी, तिचा सूर लागला की पत्रा फाटतो. आईनं मग विचारलं, पाइपासारखं ते भांडं आडवं नाही का करता येत.

"आडवा केला की आतला वारा थांबतो, आई. विमानात वारा थांबवला तर विमानच खाली येईल. वारा चालू ठेवून आगीला गप्प कसं करायचं, ते अजून कोणाला नीट कळलेलं नाही. मला ते शोधायचंय."

आईनं कुंपणापाशी आलेल्या बायांकडे पाहिलं, मग पट्टीकडे. म्हणाली, "हात बरा होईलोक जाऊ नको. मंग जाय."

हाताला बरं वाटायला पंधरवडा लागला. तोवर वहिनी ओट्यावर बसून डाव्या हातानं कसल्या कसल्या आकृत्या काढायच्या. मी मळ्यातून आलो की मला समजेल अशा भाषेत सांगायच्या: इंजिनात जळणारं तेल किती बारीक उडवायचं, हवेची भोकं भांड्याच्या पत्र्यात कुठे पाडायची, उंचावर हवा विरळ झाली आणि ज्योत विझलीच तर ती पुन्हा कशी पेटवायची. एका ठिकाणी सुधारलं की दुसरीकडे बिघडायचं. भोकं मोठी केली तर सूर थांबायचा, पण ज्योतच टिकायची नाही. हे त्या चिडून सांगत नसत. एखादं हट्टी पण हुशार लेकरू सांभाळणाऱ्या बाईसारखं त्यांचं बोलणं असायचं. माणूस हरण्यात इतका रमू शकतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

काम बंद झालं नाही. बरीच वर्षं गेली. मग एका सुट्टीत त्यांनी सांगितलं, की भोकांची जागा बदलल्यावर त्यांचं भांडं चाचणीत पहिल्यापासून शेवटपर्यंत न ओरडता चाललं. त्यानंतर थोड्याच काळात ते इंजिनच बाजूला ठेवायचं ठरलं, कारणं वेगळीच होती. मला वाईट वाटलं. पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा मी म्हणालो, इतक्या वर्षांची मेहनत वाया गेली.

"वाया कशी जाईल?" वहिनी म्हणाल्या. "आग कुठे ओरडते आणि का, ते आता आम्हाला ठाऊक आहे. पुढचं इंजिन करणारे तिथून सुरुवात करतील."

आई आतून जेवायला हाक मारत होती. वहिनी उठल्या, पदर खोचला आणि पानं मांडायला गेल्या. त्या दिवशी भरीत होतं, आणि त्यांनी ते दोनदा मागून घेतलं.