मास्तरांचा चौकोन

टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी चर्चमध्ये त्यांना सगळे ऑपरेटरबाईच म्हणत. उभा जन्म लोकांच्या लाइनी जोडून देण्यात गेलेला. त्यामुळे साथीत चर्चला कुलूप लागलं आणि उपासना मोबाइलवर घ्यायचं ठरलं, तशी पाळकसाहेबांनी सगळी सूत्रं त्यांच्या हाती दिली. "तुमच्याशिवाय कुणाला जमणार हे?" एवढं म्हटल्यावर बाई कशाला मागे हटतात!

पण मंडळी ती मंडळीच. कुणाचा कुकर ऐन प्रार्थनेत शिट्टी मारी, कुणी उपदेश चालू असताना सुनेवर तोंडसुख घेई, आणि ते घरोघरी ऐकू जाई. मग बाईंनी शिस्त लावली. जो बोलेल त्याचाच आवाज चालू, बाकीचे सगळे बंद. या कामाची त्यांना जरा जास्तच गोडी लागली.

ईस्टरची सकाळ उजाडली. त्या वर्षी कितीतरी घरांतलं माणूस गेलं होतं. तरी लोक ठेवणीतले कपडे घालून, टेबलावर फुलं मांडून मोबाइलच्या पडद्यावर आपापल्या चौकोनात हजर झाले. आज रडायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं दिसत होतं.

चर्चचे गायनमास्तर घरी उशांना टेकून पलंगावर बसले होते. नाकाला नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन. दर ईस्टरला पाळकसाहेब "प्रभू उठला आहे!" म्हणाले, की पहिलं "खरोखर उठला आहे!" मास्तरांचं, आणि त्यांच्या मागोमाग बाकी सगळ्यांचं. कुणी तसं ठरवलेलं नव्हतं, पण मोडलंही नव्हतं.

ती वेळ आली तसे बाईंनी सगळ्यांचे आवाज उघडले, आणि मशीनची घरघर घरोघरी घुमायला लागली. एवढी देखणी उपासना, आणि मोक्याच्या क्षणी ही गिरणी! बाईंनी मास्तरांच्या चौकोनाचा आवाज तेवढा बंद केला.

"प्रभू उठला आहे!" पाळकसाहेब म्हणाले.

कुणीच बोलेना. जो तो मास्तरांची वाट बघत होता. चौकोनात मास्तरांचे ओठ हलत होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, एक हात वर गेला होता. बाईंना ते स्पष्ट दिसत होतं. बटण उघडलं असतं तर घरघरही आली असती. आली असती तर आली असती, पण एवढं साधं त्यांना तेव्हा सुचलं नाही आणि त्याचा पस्तावा पुढे जन्मभर पुरला. तेवढ्यात कुणाच्या तरी नातीने चिरक्या आवाजात उत्तर दिलं, सगळे हसले आणि मग एकच गलका झाला.

संध्याकाळी बाईंनी फोन लावला. माफी मागायचीच, असं घोकून. मास्तरांच्या लेकीने उचलला.

"मावशी, बाबा काय खूश आहेत! सारखं विचारतायत, माझा आवाज पोचला ना सगळ्यांना?"

"पोचला की! अगदी खणखणीत!" बाई म्हणाल्या. आजारी माणसाचं मन कशाला मोडायचं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे धीर झाला नाही.

पुढच्याच आठवड्यात मास्तर गेले. काही दिवसांनी लेकीचा फोन आला. रडून रडून तिचा घसा बसला होता.

"मावशी, त्या उपासनेचं रेकॉर्डिंग आहे ना तुमच्याकडे? तेवढं पाठवा. बाबांचा आवाज आहे त्यात. त्या एका ओळीसाठी दम राखून ठेवायचा म्हणून आदल्या दिवसभर ते कुणाशी बोलले नव्हते हो. आणि दुसऱ्या दिवसापासून तर बोलणं बंदच झालं."

बाईंना दोष नेटच्या माथी मारता आला असता, मोबाइलच्या मारता आला असता.

"त्यात नाहीये गं," त्या म्हणाल्या. "मशीनचा आवाज येत होता, म्हणून मीच त्यांचा आवाज बंद केला होता."



"पण तुम्ही तर पोचला म्हणालात. मी बाबांना तसंच सांगितलं."

"हो."

"मग आता मी काय ऐकू, मावशी?"