साचेखात्याच्या खुणा आणि स्कझीचं कार्ड

माझे सासरे आणि त्यांचे गिरणीतले जुने सोबती यांचं त्या रविवारी भांडण झालं नसतं, तर ती डिस्क आमच्या कपाटात तशीच पडून राहिली असती.

सासऱ्यांना आम्ही सगळे बाबा म्हणतो. ते परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. हे सोबती, त्यांना आम्ही काका म्हणतो, ते त्यांच्या शेजारच्या साच्यावर. गिरणी बंद पडल्यावर बाबा गोरेगावला एका स्टुडिओच्या गेटवर वॉचमन झाले आणि काका घाटकोपरला भाच्याच्या छापखान्यात. आता दोघंही ऐंशीच्या घरात. महिन्यातून एकदा काका मेट्रोने येतात, चहा पितात आणि आमच्या जोगेश्वरीच्या घरात दोन तास मोठमोठ्याने बोलतात. सतत साच्यांच्या आवाजात काम केल्यामुळे दोघांनाही कमी ऐकू येतं.

त्याच आवाजामुळे त्या काळी खात्यात कुणी बोलायचं नाही. सगळं हातांच्या खुणांनी चालायचं. त्या दिवशी काकांनी गप्पांच्या भरात दोन बोटं आपल्या डाव्या खांद्यावर टेकवली आणि म्हणाले, "ही खून आली की पळापळ."

"कित्या पळापळ?" बाबा म्हणाले. "ता पाणी. पाणी पियाक जातंय, माझ्या साच्यार लक्ष ठेव."

"पानी न्हवं रं! जाबर आला, हुशार ऱ्हावा. असं हाय त्ये." जाबर म्हणजे खात्यातला मुकादम.

"तू विसारलंस."

"म्या? म्या इसरलो?"

काकांचा चेहरा एकदम पडला. या वयात विसरलास म्हणणं फार लागतं. बाबांनाही ते कळलं, पण माघार घेतील तर ते बाबा कसले! माझ्याकडे वळून म्हणाले, "गो, माझी वही काढ. थंय लिवलेला आसा."

वही कुठून काढणार? ती माळ्यावर वाळवीने खाऊन टाकली त्याला पंधरा वर्षं झाली. बाबांनी तिच्यात गिरणीतले शब्द आणि खुणा लिहून ठेवल्या होत्या. पण त्या वहीतलं सगळं मी एकदा टाइप केलं होतं. नव्वदच्या दशकात मी घरातूनच डीटीपीची कामं करायचे. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, शाळांची मासिकं. मधल्या रिकाम्या वेळात बाबा शेजारी खुर्ची टाकून बसत आणि मी त्यांची वही टाइप करी. तो कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला. त्याची हार्ड डिस्क मात्र मी साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवली होती. का ठेवली, ते मला सांगता येणार नाही.

"काढते," असं मी म्हणून गेले. काका चप्पल घालून निघाले.

तिथून माझा गोंधळ सुरू झाला.

डिस्क मी अंधेरीच्या एका डेटा काढून देणाऱ्या माणसाकडे नेली. त्याने ती हातात घेऊन उलटीपालटी केली. "मॅडम, ही स्कझी आहे, जुन्या जोडणीची. पन्नास पिनांची. आता कुठे मिळते ही!" चार दिवसांनी त्याने मला एका पेनड्राइव्हवर एकच भली मोठी फाइल दिली. म्हणाला, पूर्ण डिस्क जशीच्या तशी यात आहे, पण आतलं वाचायला जुनंच मशीन लागेल, कारण मजकूर त्या वेळच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि त्या वेळच्या फॉन्टमध्ये आहे. मशीन नसेल तर एम्युलेटर वापरा. एम्युलेटर म्हणजे आजच्या कॉम्प्युटरच्या पोटात जुना कॉम्प्युटर असल्याचं सोंग करणारा प्रोग्राम. सोपं आहे, असंही म्हणाला.

सोपं नव्हतं. तो प्रोग्राम सुरू केल्यावर त्याने मला प्रश्नच विचारायला सुरुवात केली. मदरबोर्ड कुठला? प्रोसेसर कुठला? मेमरी किती? इथपर्यंत मी अंदाजाने निभावलं. मग आलं स्कझीचं पान. स्कझी कार्ड म्हणजे डिस्क आणि बाकीचा कॉम्प्युटर यांच्यामध्ये बसणारा दुभाषा. तो कुठला होता, हे यादीतून निवडायचं. यादीत निव्वळ अक्षरं आणि आकडे. एकापुढे एक अशी कितीतरी कार्डं. मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. काही उपयोग झाला नाही.

मला एवढंच आठवत होतं की आमच्या मशीनमध्ये स्कझीची दोन कार्डं होती. एक डिस्कचं आणि एक स्कॅनरबरोबर खोक्यात आलेलं. स्कॅनरच्या कार्डाचं नाव मला पाठ होतं, कारण ते खोकं पुढे मी दोऱ्याची रिळं ठेवायला वापरत होते. म्हणून मी तेच निवडलं. डिस्कला नंबरही द्यावा लागतो, शून्य ते सात. माझी जन्मतारीख सात, म्हणून सात दिला. मशीन सुरू केलं. काळा पडदा, वर एक रेघ लुकलुकतेय, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी एका माहितीच्या पानावर वाचलं की सात नंबर कार्डाचा स्वतःचा असतो. मी डिस्क कार्डाच्याच मांडीवर बसवली होती. नंबर बदलून शून्य केला, तरी पडदा काळाच. स्कॅनरबरोबर येणारी कार्डं डिस्कवरून मशीन सुरू करू शकतच नाहीत, हे कळायला आणखी एक दिवस गेला.

शेवटी मी मुलुंडला फोन लावला. आमचं मशीन ज्यांनी बांधून दिलं होतं ते गृहस्थ तिथे असतात. आवाज अजून तसाच खणखणीत.

"वहिनी, तुमचं मशीन मला आजही डोळ्यांसमोर दिसतंय," ते म्हणाले आणि एका कार्डाचं नाव त्यांनी आकड्यांसकट घडाघडा सांगितलं.

"आणि दुसरं कार्ड?"

"दुसरं कुठलं? एकच होतं."

"दोन होती. स्कॅनरचं होतं ना."

"छे हो. मी बसवलंय की तुम्ही? एकच."

मी फोन ठेवला. त्यांनी सांगितलेलं कार्ड निवडलं. या वेळी मशीन हललं! डिस्क सापडल्याचंही पडद्यावर आलं. आणि खाली ओळ आली की ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही.

डिस्क आहे, पण तिच्यात काहीच नाही? मला वाटलं, अंधेरीवाल्याकडून नाहीतर माझ्याकडून सगळं पुसलं गेलं. त्या दिवशी मी कॉम्प्युटर पुन्हा उघडलाच नाही. नंतर वाचताना समजलं ते असं: डिस्कवरच्या जागा मोजायची प्रत्येक कार्डाची आपली पद्धत असते. एकाने मोजून लिहिलेलं दुसरा आपल्या मापाने वाचायला गेला, तर त्याला सगळं भलत्याच ठिकाणी दिसतं. म्हणजे मजकूर शाबूत होता, दुभाषा चुकीचा होता. मुलुंडच्या साहेबांच्या डोळ्यांसमोर दुसऱ्याच कुणाचं तरी मशीन दिसत होतं.

नवरा म्हणाला, "सोड ना यार. दोन म्हाताऱ्यांचं भांडण ते. पुढच्या महिन्यात विसरतील दोघं." पण पुढच्या महिन्यात काका आलेच नाहीत. फोन केला तर सुनेने सांगितलं की त्यांना बरं आहे, पण यायचं नाही म्हणतात. त्या रविवारी बाबा बराच वेळ गॅलरीत उभे होते.

मग मी ठरवलं की यादीतलं एकेक कार्ड लावून बघायचं, ओळीने. दुपारी जेवणं झाल्यावर मी टेबलाशी बसले. बाबा आपली खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले, तीस वर्षांपूर्वी बसायचे तसे.

"काय करतंस?" त्यांनी विचारलं.

मी सांगायचा प्रयत्न केला. कार्ड, दुभाषा, मोजायची पद्धत. त्यांनी मान हलवली. किती कळलं देव जाणे. मी एक कार्ड लावलं, मशीन सुरू केलं, थांबले, बंद केलं. दुसरं लावलं. तिसऱ्याला बाबा म्हणाले, "ह्या न्हय. तेका आकडे येयत."

"कसले आकडे?"

"सुरू करतलंस तेव्हा. एकाखाली एक. शून्य, एक, दोन. दर आकड्यार वायच थांबा. मी बसान मोजी होतंय." आणि त्यांनी बोटाने हवेत वरून खाली एकेक टिंब दिलं. "शून्याच्या फुडे कायतरी नाव येय. मगे पाचाच्या फुडे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मी त्या मशीनवर इतकी वर्षं काम केलं, पण ते सुरू होत असताना मी कधीच पडद्याकडे पाहिलं नव्हतं. तेवढ्यात मी चहा टाकायला उठत असे. बाबांना इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात. बसल्या बसल्या ते मोजत असणार.

शून्य नंबर डिस्कचा, आणि पाचाच्या पुढे नाव म्हणजे स्कॅनर! तो त्याच एका कार्डाला जोडलेला होता. म्हणजे मशीनमध्ये कार्ड एकच होतं, मुलुंडचे साहेब खरं बोलत होते. आणि मी पाहिलेलं दुसरं कार्डही खरंच होतं, पण ते मशीनमध्ये कधी बसलंच नव्हतं. आम्ही दोघंही बरोबर होतो. एवढं मनात जुळवताना मला दोनदा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

पाचवं की सहावं कार्ड लावलं तेव्हा पडद्यावर आकडे उतरायला लागले. शून्य. थांबलं. एक. थांबलं. बाबा पुटपुटत मोजत होते. सहापर्यंत आलं आणि ते म्हणाले, "ह्याच."

मशीन सुरू झालं. तो जुना निळा पडदा, त्यावरचे माझे बेशिस्त फोल्डर. माझ्या तोंडून "झकास!" निघालं आणि मी घाईने पदराला डोळे पुसले, कारण बाबांसमोर रडायची मला सवय नाही.

काकांना आणायला मीच घाटकोपरला गेले. "फाइल सापडली, चला," एवढंच म्हटलं. ते लगेच निघाले. घरी दोघं एकमेकांशी न बोलता पडद्यासमोर बसले, मी मधे. फाइल उघडली. अक्षरं जशीच्या तशी आली. खुणांचं प्रकरण शेवटी होतं. मी खाली खाली जात राहिले. आणि ती खूण आली: "दोन बोटे डाव्या खांद्यावर." तिच्यापुढे अर्थाच्या जागी मीच टाइप केलेलं होतं, "बाबांना विचारून लिहिणे."

मी ते मोठ्याने वाचलं.

"मंग इचार की," काका म्हणाले.

मी बाबांना विचारलं. बाबांनी दोन बोटं खांद्यावर टेकवली, पुन्हा टेकवली, डोळे मिटले. मग म्हणाले, "आता माकाच कळना नाय." काका इतक्या जोरात हसले की नवरा बेडरूममधून बाहेर आला. मी दोन्ही अर्थ लिहून घेतले, आधी पाणी, मग जाबर. काका म्हणाले जाबर आधी लिही. तसं केलं.

पुढच्या पानांवर हात होते. मी विसरूनच गेले होते की खुणांची चित्रं काढता येईनात म्हणून आम्ही हातच स्कॅनरच्या काचेवर ठेवून स्कॅन केले होते. काळेपांढरे, काचेवर दाबल्यामुळे बोटांची टोकं चपटी झालेली. बाबांचा हात बाबांनी ओळखला. काका त्या पानांवरून बोट फिरवत एकेका खुणेचा अर्थ सांगत गेले आणि त्यांच्या कुठल्याच अर्थाला बाबांनी हरकत घेतली नाही.

मग एक हात आला, त्यात बांगड्या होत्या.

"ह्यो कुनाचा?" काकांनी विचारलं.

"माझ्या सासूबाईंचा," मी म्हणाले. सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली. त्या गिरणीत नव्हत्या, पण त्यांना सगळ्या खुणा येत. दोन खोल्यांच्या घरात पाहुणे असले की बाबा आणि त्या खुणांनीच बोलायचे.

"तिचो न्हय," बाबा म्हणाले. "तो तुझो हात."

"माझा नाही बाबा. मी स्कॅनर चालवत होते, माझा कसा असेल?"

"तिच्या करंगळीक बाक होतो. ही सरळ आसा."

मला सासूबाईंची करंगळी आठवेना. बाक होता का? मी माझा हात पडद्याजवळ नेऊन धरला. तो हात तीस वर्षांपूर्वीचा, माझा आता छप्पन वर्षांचा. नखांचा आकार मला सारखा वाटला, मग वाटला नाही. बांगड्या तर आम्ही दोघी एकाच वेळी, एकाच कासाराकडून भरायचो.

काका म्हणाले, "आगं, खून कसली हाय ती तरी बघा." बघितलं. पाचही बोटं जुळवलेली, तळवा वर. काकांनाही ती येत नव्हती. ही खात्यातली न्हवं, ते म्हणाले. बाबा म्हणाले की ही त्यांची आणि सासूबाईंची घरातली खूण असेल. अर्थ मी विचारला नाही.

सगळी फाइल मी तीन ठिकाणी उतरवून ठेवली. काका आता पुन्हा महिन्यातून एकदा येतात. आम्ही एकेक खूण घेतो आणि तिच्यापुढे लिहितो. त्या बांगड्यांच्या हाताखाली अजून काहीच लिहिलेलं नाही.