काकूंनी वगळलेली चंद्राची गोष्ट

छापखान्यात सगळे त्यांना काकू म्हणत. अठ्ठावीस वर्षं त्या मुद्रितं तपासत होत्या. वेलांटी पहिली की दुसरी, यावर मालकसुद्धा त्यांच्याशी वाद घालायच्या भानगडीत पडत नसत. म्हणूनच मालकांनी विज्ञानकथांचे दोन गठ्ठे त्यांच्या टेबलावर ठेवले. दहा जुन्या, दहा नव्या.

"काकू, पुस्तकात बाराच मावतील. आठ काढा. संध्याकाळपर्यंत सांगा."

चुका दाखवणं वेगळं आणि कथा नापास करणं वेगळं. त्यातून जुन्यांवर काकूंचा जीव. 'नव्यांना जुन्यांची सर नाही,' असं त्या येताजाता ऐकवायच्या.

आधी त्यांनी लाडकी चंद्राची गोष्ट काढली. चंद्रावर एकटा अडकलेला माणूस आणि रेडिओवरून त्याला "जेवलास का?" विचारणारी त्याची आई. लेकीला लहानपणी कितीदा सांगितली होती! वाचता वाचता कथा संपली. आई आलीच नाही. एखादं पान निसटलं की काय म्हणून काकूंनी आकडे तपासले. पानं पूर्ण होती. माणूस तीन पानं इंधनावर व्याख्यान देत होता आणि सुखरूप परतत होता.

काकूंनी लेकीला फोन लावला.

"अगं, त्या चंद्राच्या गोष्टीत आई नाहीच."

"काहीतरीच काय! मला तर तिचा आवाजसुद्धा आठवतो."

"तो माझा होता गं."

लेक हसली. काकूंना हसू येईना. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या आणि स्वतःची एवढी मोठी दिसली नाही? आणखी कुठे कुठे काय काय आपणच घातलंय?

त्या धास्तीतच त्यांनी सगळ्या कथा पहिल्यापासून वाचल्या. नव्यांत माणसं जिवंत होती, बायका नुसता चहा आणून देत नव्हत्या. पण तिघा लेखकांनी शब्दांचे नुसते फुगे फुगवले होते. जुन्यांतली समुद्र आटण्याची कथा मात्र विज्ञान चुकलेलं असूनही घसा कोरडा करून गेली.

संध्याकाळी यादी गेली. पाच जुन्या, सात नव्या. मालक चमकले.

"चंद्राची नाही? ती तर तुमची लाडकी!"

"म्हणूनच तीनदा वाचली," काकू म्हणाल्या.

पुस्तक निघालं, बरं खपलं. काकूंची धाकधूक काही गेली नाही. घरच्या कपाटातली जुनी पुस्तकं त्या एकेक करून पुन्हा वाचताहेत.