इंग्रजीतला अबोला

सतीशच्या घराण्यात अबोला वडिलोपार्जित होता. त्याच्या आजोबांनी सख्ख्या भावाशी धरलेला अबोला तेराव्यालाच सुटला, तोही भावाच्या. वडिलांनी नागपुरात शेजाऱ्याशी बोलणं टाकलं ते शेवटपर्यंत उचललं नाही, आणि कारण विचारलं तर त्यांनाही धड आठवत नसे. घर, शेत यांच्या वाटण्या झाल्या. हा वारसा मात्र सतीशकडे सगळाच्या सगळा आला. आयर्लंडला येताना त्यावर कस्टमही लागलं नाही.

माणूस वाईट नव्हे हो. डब्लिनजवळ ॲडम्सटाउनला राहतो, एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांची टीम सांभाळतो. पुण्या-मुंबईहून नवीन कुणी आलं की विमानतळावर गाडी घेऊन हजर. घर कोणत्या बाजूचं घ्यायचं म्हणजे ऊन येतं, मुलाला कुठल्या शाळेत घालायचं, कुठल्या दुकानात कोथिंबीर ताजी मिळते, सगळं तो सांगणार. दुसऱ्याचं भलं करायला एका पायावर तयार. फक्त ते भलं त्याच्या पद्धतीनं व्हायला हवं.

या भल्याचा सर्वांत मोठा लाभार्थी म्हणजे दिलीप. दोघं पुण्याला इंजिनीअरिंगला एका वर्गात होते. सतीश होस्टेलवर, दिलीपचं घर सहकारनगरात. होस्टेलची मेस रविवारी रात्री बंद असायची, म्हणून दिलीपच्या आईनं दर रविवारी सतीशचं पान मांडायला सुरुवात केली आणि चार वर्षं ते उचललं नाही. पुढे सतीशला डब्लिनला नोकरी लागली. तिथे जागा रिकामी झाल्याबरोबर त्यानं दिलीपला बोलावून घेतलं. दिलीप आला. सतीशनं त्याच्यासाठी आपल्याच रांगेत, एक घर सोडून, घर पाहून ठेवलं. दिलीपनं ते घेतलं. एका उन्हाळ्यात सतीशला वाटलं, आपण मासे पकडायला शिकलं पाहिजे. त्यानं रॉड आणले ते दोन. दिलीपला हो म्हणायची सवय होती, आणि सतीशला ते ऐकायची.

अशात फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी सतीश दूध आणायला बाहेर पडला, तर दिलीपच्या दारात पाटी. घर विकणे आहे.

तो दूध न आणताच घरी आला. संध्याकाळी दिलीप सांगायला आला, तेव्हा सतीशनं बायको वासंतीकरवी निरोप दिला की झोपलोय. घड्याळात साडेसहा वाजले होते आणि आतून टीव्हीचा आवाज येत होता. ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात दिवसभर ओपीडी करून आलेल्या वासंतीनं दारातच कपाळाला हात लावला.

"अरे, जाऊन विचार तरी, का चाललेत ते."

"मला कशाला विचारायचं? पाटीनं सांगितलंय की."

तेव्हापासून अबोला. कळायचं ते वासंतीकडून कळत होतं: ते पुण्याला परत चाललेत, काकूंना, म्हणजे दिलीपच्या आईला, बरं नसतं म्हणून. सतीशला यातलं कारण पटत होतं, पण आधी आपल्याला का सांगितलं नाही, हे काही केल्या गिळवत नव्हतं. पंचवीस वर्षांच्या मैत्रीत आपली किंमत रस्त्यानं जाणाऱ्या येणाऱ्याइतकी! त्याला राग आला होता, आणि रागाच्या खाली खूप दुखलं होतं.

आणि जूनमध्ये मासेमारी क्लबची वार्षिक स्पर्धा आली. क्लबची रीत अशी, की कॅव्हनच्या बाजूला एका तळ्यावर सगळ्यांनी जमायचं, दोघादोघांना एक होडी, आणि जोडीदार चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. क्लबचा सेक्रेटरी नोएल हा निवृत्त पोस्टमन. दिलीप जाणार हे कळल्यापासून तो हळहळत होता. त्यानं टोपीतून चिठ्ठ्या काढल्या, नावं वाचली आणि शेवटी या दोघांकडे बघून डोळा मिचकावला. "तुम्हां दोघांच्या चिठ्ठ्या मी टोपीत टाकल्याच नाहीत. शेवटची स्पर्धा आहे, आपल्या भाषेत मस्त गप्पा मारा. या दिलीपला नंतर कुठे मिळणार असला क्रॅक, असली धमाल? ग्रँड?"

"ग्रँड," सतीश म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

इथे एक शास्त्रोक्त अडचण उभी राहिली. घरात अबोला धरायचा तर मधे एक माणूस लागतो. "त्याला म्हणावं जेवायला ये," असं सांगायला. होडीत तिसरं कुणी नव्हतं. बरं, होडीत बोलावं तर लागतंच. एकानं वल्ही मारायची तर दुसऱ्यानं नांगर टाकायचा, एकाला मासा लागला तर दुसऱ्यानं लांब दांड्याची जाळी पुढे करायची. काठापासून पुरेसं आत गेल्यावर यावर तोडगा सतीशनंच काढला.

"कुड यू ड्रॉप द अँकर, प्लीज?"

दिलीपनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "शुअर. नो प्रॉब्लेम."

झालं. सकाळभर दोघं इंग्रजीत बोलले. ऑफिसात दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाशी बोलावं तसं. आफ्टर यू. थँक यू सो मच. नॉट अ बॉदर. ज्या माणसाच्या होस्टेलमधल्या पिवळ्या पडलेल्या बनियनची भोकं आपल्याला तोंडपाठ आहेत, त्याला "एक्स्क्यूज मी" म्हणणं म्हणजे काय शिक्षा असते, हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल.

हवा मात्र सुरेख होती. ढग पातळ, वारा अगदी बेताचा, काठच्या बोरूंमध्ये पाणकोंबड्यांची ये-जा. गळाला लावायला दोघांची खास कणीक असायची, गूळ आणि चिमूटभर हिंग घालून मळलेली. क्लबातले लोक तिला नाक मुरडत आणि मग मागून नेत. दिलीपच्या घरातलं स्वयंपाकाचं सामान खोक्यांत गेलेलं. त्यानं आणला होता नुसता पाव. सतीशनं ते पाहिलं. थोड्या वेळानं आपला कणकेचा डबा मधल्या फळीवर सरकवला आणि पाण्याकडे बघत म्हणाला, "हेल्प युअरसेल्फ."

"व्हेरी काइंड ऑफ यू," दिलीप म्हणाला आणि डब्यातून लिंबाएवढा गोळा घेतला.

दुपार कलताना सतीशच्या दोऱ्यावरचा तरंगता फ्लोट गपकन पाण्याखाली गेला. त्यानं रॉड उचलला आणि त्याला कळलं की हा हायब्रिड. या तळ्यांत रोच आणि ब्रीम अशा दोन जाती असतात, आणि त्या एकाच वेळी एकाच ठिकाणी अंडी घालतात, त्यातून ही मिश्र प्रजा होते. बांधा ब्रीमचा, ताटासारखा रुंद. अंगातली मस्ती रोचची. ब्रीम ओल्या पोत्यासारखा वर येतो, हायब्रिड शेवटपर्यंत भांडतो. (यावरून कुणाला परदेशातला मराठी माणूस आठवला तर आठवो. मंडळाच्या गणपतीत असली भाषणं ऐकून सतीशचे कान किटले होते.)

मासा मोठा होता. त्यानं आधी खोल पाण्याकडे दोरा ओढून नेला, मग वळला आणि थेट होडीखाली घुसला, दिलीपच्या बाजूला, जिथे नांगराचा दोर पाण्यात उतरला होता. त्या दोराला वेढा पडला की संपलं.

"कुड यू... द अँकर... इफ यू..." सतीश चाचरला. एवढ्या घाईत एवढी सभ्यता त्याच्याच्यानं जमेना.

"अरे गाढवा, सैल सोड ना!" दिलीप ओरडला. "सोड दोरा! नांगर उचलतोय मी!"

"ओरडतोस काय बे! जाळी घे, जाळी!"

दिलीपनं चिखलासकट नांगर आत ओढला, तो सतीशच्या पायावर पडला. होडी गरकन फिरली. सतीश गुडघ्यावर, दिलीप होडीच्या कडेवर ओणवा, दोघांच्या तोंडी नागपूरपासून सहकारनगरापर्यंतच्या सगळ्या शिव्या. मासा दोनदा जाळीच्या तोंडाशी येऊन परत गेला. तिसऱ्यांदा आला तो आडवा होऊन, आणि दिलीपनं त्याच्या खाली जाळी घातली. पितळी झाक असलेला, दोन किलोंच्या पुढचा मासा. दोघांनी मिळून गळ सोडवला आणि त्याला पाण्यात बुडवलेल्या लांब पिशवीत सोडलं. वजन झालं की तो तळ्यात परत जाणार होता.

मग सतीशनं हात पुसले.

"थँक यू," तो म्हणाला.

"पुरे आता," दिलीप म्हणाला. "गाढव म्हटलं मी तुला. सुटला अबोला."

"तू बोललास. मी नाही बोललो."

"'बे' कोण म्हणालं मग? मासा?"

सतीशला हसू आलं आणि त्या हसण्याचा त्याला राग आला. त्या रागातच त्याच्या तोंडून चार महिन्यांचं एक वाक्य बाहेर पडलं. "पाटी लावायच्या आधी एक शब्द बोलला असतास, दिलीप."

"काय झालं असतं?"

"काहीतरी मार्ग काढला असता मी."

"तेच तर!" दिलीपनं जाळी खाली ठेवली. "तू मार्ग काढला असतास. डब्लिनला ये म्हणालास, आलो. तुझ्या रांगेत घर घे म्हणालास, घेतलं. मला मासे पकडायला आवडतं का, हे तरी कधी विचारलंस?"

सतीश चपापला. "नाही आवडत?"

"आवडतं. तो मुद्दा नाहीये."

वाऱ्यानं होडी हळूहळू बोरूंकडे सरकत होती. नांगर टाकायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"आईला विसर पडतो आता," दिलीप म्हणाला. "नुसतं चष्मा कुठे ठेवला, तेवढं नाही. माणसं विसरते. हे तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, चांगली बाई ठेव, काकूंना इकडे आण, वासंती बघेल, थोडं थांब. आणि मला ते पटलं असतं. तू काहीही म्हणालास तरी मला पटतं, सतीश. म्हणून नाही सांगितलं. आयुष्यात एक गोष्ट मी एकट्यानं ठरवली, आणि ती ठरवताना मला आईची नाही, तुझी भीती वाटली."

आपण आजवर केलेल्या उपकारांना असाही एक चेहरा असेल, हे सतीशच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"बुधवारी सह्या आहेत," दिलीप म्हणाला. "तोपर्यंत घर माझंच आहे. काय बोलायचंय ते बोल. ऐकायचं नाही असं ठरवलं होतं, पण ऐकतो."

आता बोलायला सतीशजवळ काय नव्हतं? अंथरुणात पडल्या पडल्या त्यानं सगळं रचून ठेवलं होतं. दिलीपच्या मुलाची, सारंगची, शाळेची शेवटची परीक्षा दोन वर्षांवर आहे. पुण्यात या वयात नोकरी कोण देणार? सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे असं करता येईल. ऑफिसात तो स्वतः शब्द टाकेल. एकेक मुद्दा बिनतोड होता. आणि एक मुद्दा यादीत नव्हता, पण सगळे त्याच्याच जोरावर उभे होते: तू गेलास तर मी इथे एकटा पडेन रे. त्याला ठाऊक होतं, आपण नीट बोललो तर दिलीप थांबेल. त्यानं तोंड उघडलं.

तेवढ्यात दिलीपचा फोन वाजला. "पुण्याहून," तो म्हणाला. "तिकडे दिवेलागण झाली की आई बावरते. सांभाळणाऱ्या गिरिजाबाई रोज या वेळी लावून देतात." हात ओले होते, म्हणून त्यानं फोन फळीवर ठेवला आणि स्पीकर चालू केला.

"कोण?" काकूंचा आवाज. बारीक झाला होता, पण तोच. "सतीश का?"

सतीश दचकला. पण उत्तर दिलीपनंच दिलं, रोजच्या सरावानं. "हो काकू. सतीश बोलतोय."

"जेवलास का रे?"

"जेवलो, काकू."

स्वतःच्या आईला तो काकू म्हणत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि ते बघवत नव्हतं. दिलीपनं फोन सतीशपुढे सरकवला आणि हळूच म्हणाला, "घे. मी दिलीप आहे असं सांगितलं की घाबरते, माझा दिलीप कॉलेजात जातो, हा मोठा माणूस कोण म्हणते. तू बोल. आज खरा सतीश आहे."

"काकू," सतीश म्हणाला. "मी सतीश."

"हो रे, कळलं. एकदा सांगितलंस ना? बरं, दिलीप तुझ्याकडेच बसलाय ना?"

सतीशनं दिलीपकडे पाहिलं. कानशिलावरचे केस पांढरे झालेले, लाइफजॅकेटवर चिखल, आणि डोळे पाण्याकडे लावलेले.

"हो काकू. इथेच आहे. माझ्यासमोर."

"फार वेळ झाला रे. अंधार पडला. मी आपली मघापासून खिडकीशी उभी आहे. त्याला घरी पाठव, बाळा. माझं नाही ऐकत तो. तू सांगितलंस की ऐकतो."

तळ्यावर लख्ख ऊन पडलं होतं. पलीकडच्या होडीतून नोएल यांना गप्पा मारताना पाहून खुशीत हात हलवत होता. सतीशनं फोन हातात घेतला, कारण फळीवरून बोललेलं त्यांना नीट ऐकू जाईल की नाही अशी त्याला शंका आली, आणि हे त्यांना नीट ऐकू जायला हवं होतं.

"पाठवतो, काकू," तो म्हणाला. "तुम्ही आता खिडकीपासून आत या. मी पाठवतो त्याला."