अक्काचा पारवा मोती

माझी अक्का एका शिंपल्यासाठी दोन दिवस जेवली नव्हती.

काल दुपारी ती गेली.

साठच्या दशकाची सुरुवात. अक्का इथे बेंगळुरूच्या एका कॉलेजात झूलॉजी शिकवायची. भावोजी सरकारी फॅक्टरीत इंजिनिअर. त्यांना ट्रेनिंगसाठी जपानला पाठवलं आणि अक्काने नोकरी सोडली.

तिथे दिवसभर एका खोलीत एकटी. ना भाषा, ना कॉलेज, ना कुणाशी बोलणं.

भावोजींबरोबर काम करणारे मोरी-सान एका सुट्टीत दोघांना आपल्या गावी घेऊन गेले. समुद्राकाठी त्यांच्या आईची मोत्यांची छोटीशी शेती होती.

म्हातारी एकेक शिंपला उघडायची, आतली बाजू उजेडाकडे धरायची आणि बरेचसे बाजूला टाकायची.

"सगळेच तर चमकतायत. मग हे का नकोत?" अक्काने विचारलं.

मोरी-सान मधे बसून इंग्लिशमधून सांगत होते. म्हातारी म्हणाली, "हा निवडलेला, याच्या कडेचा मऊ पापुद्रा कापायचा. एवढासा तुकडा, एका मण्याबरोबर, दुसऱ्या जिवंत शिंपल्यात ठेवायचा. मोती तो दुसरा वाढवतो. रंग मात्र बहुतेक याचा येतो. म्हणून निवडायचा."

"आणि हा?"

"हा मरतो."

अक्का मला सांगायची, "अंगावर काटा आला गं. मी मुलींना शिंपले शिकवत होते, आणि हे मला ठाऊकच नव्हतं!"

म्हातारीने तिलाच एक निवडायला सांगितला.

अक्काने उचलला तो ना पांढरा, ना गुलाबी. पारव्याच्या मानेसारखा. करडा, वर हिरवट झाक.

म्हातारी हसली. "हा रंग कोणी मागत नाही."

"मी मागतेय ना."

म्हातारीने तुकडा कापला, दुसऱ्या शिंपल्यात सरकवला, आणि त्या शिंपल्याला खूण बांधून तो पिंजऱ्यात घालून तराफ्याखाली पाण्यात सोडला.

मग ट्रेनिंग संपलं. दोघं बेंगळुरूला, जयनगरच्या आमच्या घरी परत आली. मोती तयार व्हायला अजून खूप अवकाश होता.

अक्का येता-जाता त्या शिंपल्याचंच बोलायची. आई तिच्या कानडीमिश्रित मराठीत वैतागायची. "सरी, कळलं, पुरे आता तुझा शिंपला."

आणि एक दिवस भावोजींनी फॅक्टरीतून बातमी आणली. तिकडे मोठं वादळ झालं. मोरींचे तराफे पिंजऱ्यांसकट बुडाले.

अक्का त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी आईने ताट पुढे ठेवलं, तिने तसंच सरकवलं. तेव्हा कुठे आम्हाला कळलं की तिच्यासाठी ते नुसतं कौतुक नव्हतं.

पुढच्या वर्षी मोरी-सान फॅक्टरीच्या कामासाठी बेंगळुरूला आले. थेट आमच्या घरी. हातात छोटी डबी.

"आईने तळातून काही पिंजरे वर काढले," ते म्हणाले. "तुमचा त्यात होता."

डबीत अर्धा शिंपला होता, ज्याने मोती वाढवला त्याचा. आतून पिवळसर, लोण्यासारखा.

आणि त्यात मोती.

करडा. हिरवट झाक. पारव्याची मान!

मी तेव्हा कॉलेजात होते. इतकी वर्षं झाली, तो क्षण अजून डोळ्यांपुढे आहे. खिडकीपाशी आम्ही सगळे त्या डबीवर वाकलेलो.

आई म्हणाली, "स्वल्प इकडे दे." मोती हातात घेतला, पिवळ्या शिंपल्याला लावून बघितला.

"हा रंग याचा नाहीच."

"नाही आई," अक्का म्हणाली. "ज्याचा आहे, तो त्याच दिवशी गेला."

आणि ती रडायला लागली. हसतही होती.

जूनमध्ये ती पुन्हा कॉलेजात रुजू झाली. रिटायर होईपर्यंत शिकवत राहिली.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये नर्सने तिच्या बोटाला क्लिप लावली. अक्काने विचारलं, "रक्तातला ऑक्सिजन हिला बाहेरून कसा गं दिसतो?"

नर्स म्हणाली, "अज्जी, बोटातून लाइट जातो."

अक्काने बोट डोळ्यांजवळ नेलं. नखाखालचा तो लाल उजेड कितीतरी वेळ बघत राहिली.

जा अक्का. सुखाने जा.

तुझ्या धाकटीचा नमस्कार.